अंथरुणातून उठताना

आजोबा घरात पडले की दोष ओल्या लादीवर येतो. बऱ्याचदा तो खराही असतो. पण रात्री लघवीला उठून दोन पावलांवर कोसळणाऱ्यांचं कारण अनेकदा रक्तदाबात सापडतं. आडवा माणूस उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे, पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले संवेदक हे लगेच ओळखतात. मग रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाची गती वाढते. वयानुसार ही यंत्रणा मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. म्हणून तपासणीत उभ्यानेही रक्तदाब मोजायला सांगावं. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरला तर दखल घ्यायलाच हवी. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

उठताना आधी पलंगाच्या कडेला बसावं, पावलं वरखाली हलवावीत (पोटऱ्या आवळल्या की रक्त वर ढकललं जातं), मग उभं राहावं. न्हाणीघरात आधाराची दांडी भिंतीत पक्की बसवलेली हवी. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. आणि दारातलं ते सुटं पायपुसणं, सुनेनं हौसेनं आणलेलं असलं तरी, उचलाच.