घरचे विमान

आपल्या खेड्यात एखाद्या घरासमोर बैलगाडी सुटलेली असते, दुसऱ्या घरासमोर ट्रॅक्टर उभा असतो, आणि त्यात कोणास काही विशेष वाटत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फिरणारा आपल्याकडील प्रवासी मात्र क्षणभर थबकतो. तेथे गव्हाच्या अफाट शेतांच्या कडेला पत्र्याच्या एखाद्या छपराखाली चक्क विमान उभे असते. ते सरकारचे नसते की कोणा विमान कंपनीचेही नसते. ते त्या शेतकऱ्याचे, गावातील डॉक्टरचे, किंवा चौघा मित्रांनी मिळून घेतलेले असते.

याच कॅन्सस राज्यात विचिटा नावाचे शहर आहे. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या क्लाइड सेसना नावाच्या माणसाने १९११ साली स्वतः जोडलेले विमान उडविण्याचा ध्यास घेतला. अनेकदा आपटत, मोडलेले पुन्हा जोडत तो अखेर उडावयास शिकला, आणि पुढे १९२७ साली त्याने विचिटा येथे विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्याचे ‘सेसना १७२’ हे चार आसनांचे विमान १९५५ साली प्रथम आकाशात गेले. तेव्हापासून त्या जातीची ४४ हजारांहून अधिक विमाने तयार झाली आहेत. जगात दुसऱ्या कोणत्याही जातीची इतकी विमाने बनलेली नाहीत. घरचे विमान म्हणजे काय, हे समजून घ्यावयाचे तर याच विमानाकडे पाहणे बरे.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचे पंख मोजले तर ते सुमारे ११ मीटर भरतात. अंग अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे. माणसे, सामान व पेट्रोल धरून त्याचे वजन हजार-अकराशे किलोग्रॅम होते. म्हणजे आपल्या रस्त्यावरील एखाद्या मोटारीइतकेच! पंख छताच्या उंचीवर असल्यामुळे आत बसलेल्यास खालची शेते, नद्या व रस्ते निर्वेध दिसतात. पेट्रोलच्या टाक्या त्या पंखांतच असतात, आणि विहिरीवरच्या टाकीतून पाटात पाणी यावे तसे पेट्रोल आपल्याच भाराने खाली इंजिनाकडे उतरते.

असे विमान बाळगणे स्वस्त नव्हे. तासाभराच्या उड्डाणास सुमारे ३० लिटर पेट्रोल लागते. शिवाय जागेचे भाडे, विमा आणि दुरुस्ती हे खर्च विमान उडाले नाही तरी चुकत नाहीत. म्हणून पुष्कळ लोक भागीदारीत विमान घेतात, किंवा पन्नास वर्षांपूर्वीचे जुने विमान विकत घेतात. पन्नास वर्षांचे विमान उडते हे ऐकून तुम्ही दचकाल; पण विमानाचे वय वर्षांवर ठरत नाही, त्याची निगा कशी राखली यावर ठरते. अमेरिकेत लोकांस खुले असलेले सुमारे पाच हजार लहानमोठे विमानतळ आहेत, त्यामुळे तेथे घरच्या विमानाचा खरोखरच उपयोग होतो. आपल्या देशात लहान धावपट्ट्या थोड्या आणि विमानाचे पेट्रोल मिळण्याची ठिकाणेही थोडी, म्हणून अशी विमानेही थोडी.

हौस मात्र आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईस १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. पुढच्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याचा क्रमांकच १ होता. १९३२ साली एका इंजिनाच्या चिमुकल्या ‘पस मॉथ’ विमानातून त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले, आणि त्यास पन्नास वर्षे झाली तेव्हा, वयाच्या ७८ व्या वर्षी, तसल्याच जुन्या विमानातून ते पुन्हा कराचीहून मुंबईस एकटे उडत आले. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी तर आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईतील प्रदर्शनात ते पाहावयास लोकांची रीघ लागली होती. गच्चीवर बांधलेले विमान खाली उतरविण्यासाठी काय खटपट करावी लागली असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

आता निगा म्हणजे काय ते पाहू. विमानाबरोबर काही वह्या असतात. एक सांगाड्याची, एक इंजिनाची, एक पंख्याची. विमान किती तास उडाले, तेल केव्हा बदलले, कोणता भाग नवा घातला, कोणी घातला, हे सारे तारीखवार त्यांत लिहिलेले असते आणि खाली काम करणाऱ्याची सही असते. विमान विकले की वह्याही नव्या मालकाकडे जातात. वह्या हरवल्या तर विमानाची किंमत उतरते, कारण ज्याचा इतिहास ठाऊक नाही त्या यंत्रावर जीव कोण सोपविणार?

अमेरिकेतील कायद्याप्रमाणे दर बारा महिन्यांनी विमान उघडून त्याची संपूर्ण तपासणी करून घ्यावी लागते. ही तपासणी मालकास करता येत नाही. त्यासाठी अधिकार मिळालेला कारागीर लागतो, आणि त्याने सही नाकारली तर विमान जमिनीवरच राहते. तेल बदलणे, टायर बदलणे, ठिणगीचे प्लग साफ करणे अशी काही ठरावीक कामे वैमानिक मालक स्वतः करू शकतो. तेल बदलताना जाणता मालक जुनी गाळणी फेकून देत नाही. ती कापून उजेडात पाहतो. तिच्या घड्यांत धातूचा चकाकता कीस दिसला तर इंजिनाच्या आत काहीतरी झिजत आहे, असे तो समजतो. वैद्याने नाडी पाहावी तसाच हा प्रकार आहे.

चांगली निगा असेल तर हे इंजिन किती काळ चालते? ४ डिसेंबर १९५८ रोजी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक हे दोघे लास व्हेगास येथून सेसना १७२ मधून उडाले, आणि ७ फेब्रुवारी १९५९ रोजी खाली उतरले. मधले ६४ दिवस व २२ तास विमानाची चाके धावपट्टीला टेकली नाहीत! सरळ, निर्जन रस्त्यावरून एक ट्रक धावे, त्याच्या अगदी वरून विमान हळू उडे आणि ट्रकवरून नळी वर ओढून घेऊन ते पेट्रोल भरत. जेवणही तसेच दोरीने वर येई. दोघे पाळीपाळीने झोपत. एकदा तर विमान चालविणाऱ्यासच डुलकी लागली आणि कितीतरी वेळ विमान यंत्राच्या हवाली उडत राहिले. शेवटी इंजिनात काजळी साचून त्याची ताकद इतकी घटली की भरल्या टाक्यांनिशी वर चढणे कठीण झाले, तेव्हा ते उतरले. ते विमान आजही लास व्हेगासच्या विमानतळावर छताला टांगलेले आहे.

वर्षाची तपासणी कारागिराची. पण प्रत्येक उड्डाणापूर्वीची तपासणी वैमानिकाची. शर्यतीला निघण्यापूर्वी शेतकरी बैलाच्या अंगावरून हात फिरवितो, खूर उचलून पाहतो, तसा हा मनुष्य विमानाभोवती एक फेरी घालतो. पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवून एखाद्या खड्याने खाच पडली आहे काय ते पाहतो. इंजिनाचे तेल काठीने मोजतो. पंखांच्या व शेपटीच्या मागील कडांना बिजागऱ्यांनी बसविलेले हलते भाग हाताने हलवून पाहतो. विमान वळविणे व वरखाली नेणे हे सारे त्यांच्याच जोरावर व्हावयाचे असते. टाकीत पेट्रोल किती आहे, हे समोरच्या काट्यावर विसंबून न राहता पंखाशी शिडी लावून, झाकण उघडून तो डोळ्यांनी पाहतो.

यानंतर तो टाकीच्या तळाशी असलेल्या छोट्या तोटीतून थोडे पेट्रोल काचेसारख्या पारदर्शक पेल्यात घेतो आणि उजेडाकडे धरतो. का बरे? अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प गोठून पाण्याचे थेंब बनतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तर तळापासूनच निघते. या विमानांच्या नेहमीच्या पेट्रोलला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. पेल्यात निळ्या रंगाखाली बिनरंगी थर दिसला की ते पाणी. ते सारे निघून जाईपर्यंत तो पेल्यामागून पेला ओततो. धावपट्टी सोडल्यावर मिनिटाभराने इंजिनात पाणी गेले तर काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे डोकावत असते. तिच्यात शिरणाऱ्या वाऱ्याच्या दाबावरून विमानाचा वेग कळतो. तिला नेहमी टोपी घालून ठेवतात, कारण मातीची घरटी करणाऱ्या कुंभारीण माशीला असले छिद्र फार आवडते. १९९६ साली डोमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले एक मोठे प्रवासी विमान वेगाचा चुकीचा आकडा दिसल्यामुळे समुद्रात कोसळले आणि १८९ माणसे मेली. ती नळी बुजलेली होती, आणि तपास करणाऱ्यांचा संशय अशाच माशीच्या घरट्यावर होता.

फेरी झाली तरी हिशेब उरतो. पाटी घ्या आणि माझ्याबरोबर करा. एका जुन्या सेसनाचे जास्तीत जास्त वजन १०४३ किलोग्रॅम असावे, असा कारखान्याचा नियम आहे. रिकाम्या विमानाचे वजन ६४० धरा, उरले ४०३. टाक्या पूर्ण भरल्या तर सुमारे १६० लिटर पेट्रोल, त्याचे वजन साधारण ११५; उरले २८८. आता ७५ किलोग्रॅमची चार माणसे बसवा. भार १२ किलोग्रॅमनी जास्त झाला, आणि अजून पिशवी एकही ठेवलेली नाही! आसने चार आहेत म्हणून चौघांनी बसावे असे नाही. एक तर पेट्रोल कमी भरावयाचे, नाही तर एका मित्रास घरी ठेवावयाचे. दिवस कडक उन्हाचा असेल आणि विमानतळ डोंगरावर असेल, तर हवा विरळ असल्याने पंखांना व इंजिनाला तिचा आधार कमी मिळतो, धावपट्टी जास्त लागते, आणि हिशेब आणखी कडक करावा लागतो.

इंजिन वाटेत बंद पडले तर विमान दगडासारखे पडते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. प्रत्येक नळकांड्यात दोन प्लग असतात व त्यांना ठिणगी देणारी यंत्रेही दोन असतात, म्हणून एक बिघडले तरी दुसरे चालते. तरीही इंजिन थांबलेच, तर एक किलोमीटर उंचीवरून हे विमान सुमारे ९ किलोमीटर तरंगत जाते. तेवढ्यात मोकळे शेत हेरून उतरण्याचा सराव प्रत्येकास करावाच लागतो.

खरा शत्रू निराळाच आहे, आणि तो मऊ, पांढरा, सुंदर दिसतो. तो म्हणजे ढग. फुगडी खेळून थांबल्यावर घर, झाडे, मैत्रिणी सारे गरगर फिरत असल्यासारखे वाटते. आपल्या कानाच्या आत वक्र नलिकांत एक द्रव असतो आणि त्याच्या हालचालीवरून आपण वळत आहोत की स्थिर आहोत हे आपल्याला कळते. जमिनीवर डोळे ही चूक सुधारतात. ढगात मात्र बाहेर काहीच दिसत नाही. विमान एका बाजूस कलून घसरत असले तरी आपण सरळच चाललो आहोत, असे कान शपथेवर सांगतो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात ढगातील उड्डाण न शिकलेल्या २० जणांना बाहेरचे दिसणार नाही अशा रीतीने विमान चालवावयास दिले. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. सोबत अनुभवी वैमानिक होता म्हणून ते वाचले. नंतर त्यांना यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवून सावकाश मागे वळण्याची युक्ती शिकविली, तेव्हा बहुतेकांना ती साधली.

म्हणून पुढे ढग किंवा धुके दिसताच परत फिरावे, असा नियम आहे. तो शिकणे सोपे आणि पाळणे अवघड. मोठ्या विमानाच्या वैमानिकामागे कंपनीचे अधिकारी असतात, हवामानखाते असते, बरोबर दुसरा वैमानिक असतो. घरच्या विमानाचा मालक एकटा असतो. लग्नघटिका जवळ आलेली असते, घरची माणसे वाट पाहत असतात, आणि “नको, आज जाऊ नये” असे त्याने स्वतःच स्वतःला सांगावयाचे असते. अमेरिकेचे पूर्वीचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ च्या रात्री पत्नी व मेहुणीसह एका लग्नासाठी स्वतःच्या विमानातून निघाले. समुद्रावर धुरकट हवा होती, क्षितिज दिसत नव्हते. विमान समुद्रात कोसळून तिघेही मृत्यू पावले. तपासात यंत्राचा कोणताही दोष आढळला नाही. अंधारात व धुरकटपणात दिशेचे भान सुटले, असा निष्कर्ष निघाला.

असे विमान चालविण्याचा परवाना अमेरिकेत वयाच्या १७ व्या वर्षी मिळू शकतो. त्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष परीक्षा आणि डॉक्टरची तपासणी लागते. परवाना हाती आला तरी मागील ९० दिवसांत तीनदा उड्डाण करून तीनदा उतरल्याखेरीज दुसऱ्या कोणास बरोबर नेता येत नाही. स्वतः एकट्याने मात्र जाता येते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

उतरल्यावरही काम संपत नाही. वैमानिक चाकांना अडसर लावतो. जमिनीत पुरलेल्या कड्यांना दोन्ही पंख व शेपटी दोरांनी बांधतो, कारण उभ्या विमानाला वादळी वारा पतंगासारखा उचलू शकतो. त्या नळीला टोपी घालतो. रात्री टाकीत पाणी साचू नये म्हणून शक्य असेल तर पेट्रोल भरून ठेवतो. मग आत बसून वही उघडतो आणि लिहितो : तारीख, कोठून कोठे, किती वेळ. उजव्या चाकात हवा थोडी कमी वाटली असेल, तर तेही लिहितो.