आध्यात्मिक विवेक (ख्रिस्ती धर्म)

आध्यात्मिक विवेक किंवा आत्म्यांची पारख ही ख्रिस्ती धर्मातील एक संकल्पना व साधना आहे. मनात उठलेली प्रेरणा, आलेला अनुभव किंवा दुसऱ्याने सांगितलेला संदेश देवाकडून आला आहे, स्वतःच्या इच्छेतून निघाला आहे की दुष्ट प्रभावातून, हे तपासणे आणि त्यानुसार निर्णय घेणे असा तिचा अर्थ होतो. ही पारख अखेरीस कोणी करावयाची, व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीने की मंडळीने, हा या विषयातील सर्वांत जुना व अद्याप न मिटलेला प्रश्न आहे. मराठी ख्रिस्ती समाजात तो पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक यांच्या चरित्रांत विशेष ठळकपणे दिसतो.

संज्ञा

नव्या करारात यासाठी 'डायाक्रिसिस' हा ग्रीक शब्द येतो. वेगळे करणे, निवडणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत 'विवेक' हा शब्द रूढ असला तरी त्याला वेदान्तातील नित्यानित्यविवेकाची छटा आहे. तेथे शाश्वत व अशाश्वत यांतील भेद जाणणे अपेक्षित असते. ख्रिस्ती विवेकाचा रोख मात्र अनेकदा एखाद्या ठोस कृतीकडे असतो: हे करावे की करू नये, येथे राहावे की निघावे. त्यामुळे 'पारख' हा साधा शब्द काही वेळा अधिक नेमका ठरतो.

बायबलमधील आधार

शलमोन राजाने संपत्तीऐवजी बरे-वाईट ओळखणारे अंतःकरण मागितल्याची कथा राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:१०) पौलाने आत्मे ओळखण्याची शक्ती हे पवित्र आत्म्याच्या दानांपैकी एक मानले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१) प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता त्याची परीक्षा करण्याचा आदेश आहे. तो काही निवडक व्यक्तींना नसून सर्व वाचकांना उद्देशून आहे. झाड फळावरून ओळखावे ही येशूची शिकवण (मत्तय ७) पुढील जवळजवळ प्रत्येक परंपरेने कसोटी म्हणून स्वीकारली.

आरंभीच्या मंडळ्यांनी या कसोट्या अगदी व्यावहारिक पातळीवर आणल्या होत्या. 'डिडाखे' या प्राचीन ख्रिस्ती नियमग्रंथानुसार, फिरता संदेष्टा तीन दिवस मुक्काम ठोकून बसला किंवा त्याने पैसे मागितले, तर तो खोटा समजावा.

अरण्यवासी साधूंची परंपरा

इजिप्तच्या वाळवंटातील साधूंनी विवेकाला इतर सर्व सद्गुणांचे मूळ मानले. जॉन कॅसियन यांनी पाचव्या शतकात लिहिलेल्या संवादांत हेरोन नावाच्या वृद्ध साधूची कथा आहे. तो पन्नास वर्षे कठोर उपवास करीत राहिला. ईस्टरच्या दिवशीही आपला नेम मोडेल म्हणून तो इतर बंधूंबरोबर जेवायला येत नसे. अखेरीस सैतानाला देवदूत समजून, आपल्याला काही इजा होणार नाही या खात्रीने त्याने विहिरीत उडी घेतली. बंधूंनी त्याला वर काढले. तिसऱ्या दिवशी तो मरण पावला, परंतु आपली फसवणूक झाली हे त्याला शेवटपर्यंत पटले नाही. तपाचरण कमी पडल्यामुळे नव्हे, तर आपले विचार कोणापुढेही न मांडल्यामुळे तो बुडाला, असा कॅसियन यांच्या कथनाचा रोख आहे.

इग्नेशियस लॉयोला

या विषयाची सर्वांत पद्धतशीर मांडणी इग्नेशियस लॉयोला यांची मानली जाते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर ते अंथरुणाला खिळले. शौर्याची आणि दरबारी प्रेमाची स्वप्ने रंगवताना त्यांना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांचे अनुकरण करण्याच्या विचारानंतर मात्र समाधान टिकून राही. विचार कोणता, यापेक्षा तो मागे काय ठेवून जातो, हे पाहण्याची त्यांची पद्धत या निरीक्षणातून जन्मली.

पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात सांत्वन आणि विषण्णता अशा दोन अवस्था वर्णिल्या आहेत. विषण्णतेत असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा त्यातील सर्वांत उपयोगी नियम म्हणता येईल. सांत्वनही नेहमी खरे असतेच असे नाही. वाईट प्रेरणा चांगल्या विचाराचे रूप घेऊन येऊ शकते, म्हणून त्या विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासावेत असे हा ग्रंथ सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२२ ते जानेवारी २०२३ या काळात आपल्या साप्ताहिक प्रवचनांत हाच विषय क्रमाने मांडला.

पंडिता रमाबाई

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन जोगिणींच्या मठात बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांचा धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला, तो वरील प्रश्नाचा उत्तम दस्तऐवज आहे. सिस्टरांच्या मते नवदीक्षिताने चर्चची शिकवण विश्वासाने स्वीकारावी. ती पडताळण्याइतकी तिची तयारी नसते. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी रमाबाईंना शंका होत्या, आणि आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. स्वदेशातील पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर तसेच दुसरे जू मानेवर घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याविषयी बिशपांचा प्रतिकूल सल्ला आला, तेव्हाही हा संघर्ष उफाळला.

या पत्रांत रमाबाईंना केवळ बंडखोर म्हणून पाहणे अपुरे आहे. १९०७ मधील आपल्या साक्षीत त्यांनीच नोंदवले की १८८३ मध्ये त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र नंतर सापडला. म्हणजे पूर्वी घेतलेल्या निर्णयाचीही त्यांनी पुन्हा पारख केली.

मुक्ती सदनातील जागृती

१९०५ मध्ये केडगाव येथील मुक्ती सदनात वेगळ्याच प्रकारची कसोटी आली. त्या वर्षाच्या आरंभापासून तेथे दररोज प्रार्थनासभा सुरू झाल्या होत्या. जूनच्या अखेरीस एका मुलीला पहाटे आपण आगीने वेढल्याचा अनुभव आला, आणि तिच्याभोवती ज्वाळा दिसल्याने शेजारची बाई पाण्याची बादली आणण्यास धावली, असे वृत्त आहे. पुढे मोठ्याने रडणे, पापांची कबुली, एकाच वेळी शेकडो जणींची प्रार्थना आणि नंतर अन्य भाषांत बोलणे असे प्रकार घडले. अनेक मिशनऱ्यांना हा भावनातिरेक वाटला.

रमाबाईंनी मुक्तीच्या नियतकालिकातून या अनुभवांचे समर्थन केले. भारतीय स्त्रियांच्या भक्तीला पाश्चात्त्य उपासनेच्या शिस्तीत कोंबू नये असे त्यांचे मत होते. मात्र त्या व त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी अन्य भाषांत बोलणे ही पवित्र आत्मा लाभल्याची अनिवार्य खूण मानली नाही. बदललेले आचरण व इतरांची सेवा यांना त्यांनी अधिक वजन दिले. अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४६ मधील ग्रंथात जवळपास हीच भूमिका घेतली होती: शरीराचे कंप किंवा अश्रू यांवरून अनुभव खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही.

नारायण वामन व लक्ष्मीबाई टिळक

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही त्याने सांगितले. टिळकांनी हे भाकीत म्हणून स्वीकारले नाही. त्यांनी पुस्तक वाचले, डोंगरावरील प्रवचनाने ते खिळून राहिले, आणि आपल्या शंका निनावीपणे पत्रांद्वारे मांडून त्यांची उत्तरे मिळवली. बुद्धीचे समाधान झाल्यावरही निर्णय लांबला, कारण तो त्यांच्या एकट्यापुरता नव्हता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई व मुलगा दत्तू त्यांच्यापासून दुरावले.

या निर्णयाची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात आहे. पतीला मिळालेली खात्री ही आपली खात्री नव्हे, हे त्यांच्या वर्तनातून स्पष्ट होते. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, परंतु सोवळे व वेगळा स्वयंपाक त्यांनी चालू ठेवला. जातिभेद देवाने निर्माण केले की माणसाने, या प्रश्नावर त्यांचा स्वतःचा विचार पुरा झाला, तेव्हा आचार बदलला. बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. ख्रिस्ती विवेकावरील ग्रंथांत अशा घरगुती, ताटापाण्याच्या पातळीवरील पारखीची दखल क्वचितच घेतली जाते.

टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगर येथे अनेक वर्षे कार्यरत होते, आणि 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी संन्यस्त वृत्तीने राहण्याचे ठरवले व सातारा येथे 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामील होऊ शकत. मंडळीची सीमा बाप्तिस्म्याने ठरते असे मानणाऱ्यांना हे खटकणे स्वाभाविक होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या टिळकांच्या दृष्टीने मात्र पाश्चात्त्य संस्थेच्या चौकटीतून बाहेर पडणे हे आज्ञापालनच होते.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे इंग्रज चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापन केला. त्याचा आश्रम पुढे पुण्यात उभा राहिला.