जुनी बेसबॉल कार्डे विकताना

अमेरिकेत माळा आवरताना बेसबॉल कार्डांचा खोका सापडला की घरच्यांना हमखास बेसबॉलपटू मिकी मॅन्टल आठवतो. टॉप्स कंपनीचे त्याचे १९५२ चे एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरना विकले गेले. मात्र त्यावरून आपल्या खोक्याचा हिशेब मांडू नये.

आधी कार्डे वर्षवार लावावीत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुढची काही वर्षे कंपन्यांनी कार्डे बेसुमार छापली. ती आजही ढिगाने मिळतात, त्यामुळे बहुतेकांना कवडीमोल भाव येतो. त्याआधीची कार्डे आणि नामवंत खेळाडूंची पदार्पणाच्या काळातली कार्डे वेगळी काढावीत.

मग स्थिती पाहावी. कोपरे टोकदार आहेत का, कडा झिजल्यात का, पृष्ठभागावर ओरखडे आहेत का, चित्राभोवतीचा समास चारही बाजूंनी सारखा आहे का? डाग दिसला तरी कार्ड पुसू नये. त्याने किंमत घटते. पीएसएसारख्या संस्था फी घेऊन कार्डाला १ ते १० अशी श्रेणी देतात. श्रेणीमुळे वाढणारी किंमत फीपेक्षा जास्त असेल, तरच कार्ड पाठवावे.

भाव ठरवताना विक्रेत्याने मागितलेली किंमत नव्हे, तर प्रत्यक्ष झालेले सौदे पाहावेत. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती दिसतात. दुकानदार स्वतःचा नफा धरून कमीच देणार, पण पैसे लगेच मिळतात. दुर्मीळ कार्डांना लिलाव बरा. तिथली दलाली आधी विचारावी. सगळा खोका एकगठ्ठा द्यायचा असेल, तर गिऱ्हाइकाला त्यातली मोजकी चांगली कार्डे उचलू देऊ नयेत. उरलेला ढीग मग कोणी घेत नाही.