धायटी : ओळख, लागवड आणि संवर्धन

प्रस्तावना

महाविद्यालयीन परिसरात शोभेसाठी बहुधा परदेशी झुडपे लावली जातात. सह्याद्रीच्या मुरमाड उतारांवर आपोआप वाढणारी धायटी मात्र दुर्लक्षित राहते. या काटक, पानझडी झुडपाची ओळख व लागवड यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळख

धायटी (वुडफोर्डिया फ्रुटिकोझा) ही मेंदीच्या कुलातील वनस्पती होय. लिनीअसने १७५९ मध्ये तिचे वर्णन वेगळ्या प्रजातीत केले होते. सध्याचे नाव कुर्झ यांनी १८७१ मध्ये दिले. झुडूप साधारणतः १ ते ३ मीटर उंच असून फांद्या लांब व कमानीसारख्या झुकलेल्या असतात. साल तांबूस तपकिरी असून तिचे पातळ पापुद्रे सुटतात. पाने भाल्यासारखी, बहुधा समोरासमोर व देठरहित असतात. त्यांच्या फिकट मागील बाजूवरील काळे ठिपके ही फुले नसतानाही उपयोगी पडणारी खूण आहे.

जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास फांद्या लाल फुलांनी भरतात. ही लाली पाकळ्यांची नसून नळीसारख्या निदलपुंजाची असते. पाकळ्या अगदी लहान असतात. १२ पुंकेसर नळीबाहेर डोकावतात. मधुरसासाठी शिंजीर पक्षी येतात. पुढे त्याच नळीत बोंड तयार होते.

संवर्धनाची गरज

आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे आंबवण्यासाठी धायटीची फुले वापरतात आणि ती प्रामुख्याने रानातूनच खुडली जातात. बोंड नळीतच धरत असल्यामुळे फुलाबरोबर बीही जाते. सर्व फुले खुडल्यास त्या हंगामात बीजप्रसार होत नाही. म्हणूनच लागवडीचे महत्त्व आहे.

लागवड

बोंडे तपकिरी झाल्यावर, फुटण्यापूर्वी गोळा करावीत. बी अत्यंत बारीक असल्याने ते वाळूत मिसळून भुसभुशीत मातीवर पसरावे. खोल पुरू नये. पाणी झारीने हलके द्यावे. पावसाळ्याच्या प्रारंभी फाटे लावूनही रोपे करता येतात. भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन निवडावी; पाणी साचणारी जागा टाळावी. प्रारंभीचे उन्हाळे बेताचे पाणी द्यावे. छाटणी बी गोळा केल्यानंतर, पावसाळ्यापूर्वी करावी. उशिरा छाटल्यास फुलणाऱ्या फांद्याच नष्ट होतात.

समारोप

उन्हाळ्यातील निष्पर्ण अवस्था म्हणजे मृत्यू नव्हे, हे परिसराची निगा राखणाऱ्यांना सांगणे आवश्यक आहे. महाविद्यालयाने काही झुडपे न खुडता राखल्यास वनस्पतिशास्त्राच्या अध्यापनास जिवंत नमुना व रोपवाटिकेस बी, असा दुहेरी लाभ होईल.