काठाला बसणारे वस्त्र

केळवे, शिरगाव, सातपाटीपासून नवापूर, तारापूर, चिंचणीपर्यंतचा पालघरचा किनारा हा परंपरेने उघड्या होड्यांचा. पाणी आत येणारच असे गृहीत धरून ते उपसण्याची तरतूद येथील मच्छीमार करतो आणि 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या मुदतीत होडी वर ओढून, शाकारून ठेवतो. ग्रीनलंडच्या इनुइट शिकाऱ्याला मात्र ही सवलत नव्हती. हिमशीत पाण्यात नौका भरली तर प्राण जाण्यास फारसा अवधी लागत नसल्यामुळे सीलच्या कातड्याच्या आवरणाची एक कड त्याने आपल्या अंगाला आणि दुसरी कयाकच्या तोंडाला आवळली. त्या आवरणाचा आजचा वंशज म्हणजे स्प्रे स्कर्ट. 2015 मध्ये मुंबई ते गोवा आणि त्यानंतर वेगळ्या मोहिमेत द्वारका ते कन्याकुमारी हा सुमारे 3000 किलोमीटरचा प्रवास कयाकने करणाऱ्या कौस्तुभ खाडे यांच्या वाटेवर हाच किनारा येतो. तेव्हा हा विषय आपल्यापासून दिसतो तितका दूरचा नाही.

रचना साधी आहे: कमरेभोवती एक नळा, त्याला जोडलेला पडदा आणि पडद्याच्या कडेत लवचीक दोरी किंवा रबरी पट्टी, जी बैठकीच्या उभ्या काठाखाली जाऊन बसते. सारी मेख त्या कडेत आहे. दोन कयाकांच्या काठांचा परीघ एकच असून एक लांबट व दुसरा गोल असू शकतो, आणि केवळ परीघ पाहून मागविलेला स्कर्ट एकाच्या कोपऱ्यांत सैल राहतो. सैल पडद्यावर पाणी साचते आणि मोठी लाट मांडीवर कोसळली की तो आत खचतो. फाजील घट्ट बसविलेला पडदा लाटेला अडवितो खरा, पण नौका उलटल्यावर आतल्या माणसालाही अडवितो. माझ्या मते हा दुसरा दोष पहिल्याहून अधिक भयंकर आहे, कारण पाणी उपसता येते.

निओप्रीन 1930 मध्ये आणि नायलॉन 1935 मध्ये, ही दोन्ही द्रव्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या संशोधकमंडळातून निघाली, आणि आजचे बहुतेक स्कर्ट या दोन भावंडांचेच असतात. निओप्रीनचा पडदा ताणून बसतो, पाणी साचू देत नाही. परंतु त्याचाच नळा ऑक्टोबरच्या उन्हात पालघरच्या समुद्रावर कमरेला बांधणे म्हणजे विनाकारण शिक्षा. येथे पडदा निओप्रीनचा व नळा नायलॉनचा हा संकर शहाणपणाचा. मात्र थंड देशांतील जाड पेहराव गृहीत धरून बेतलेला नळा आपल्या एका पातळ सदऱ्यावर ढिला पडतो, म्हणून कमरेचे माप प्रत्यक्ष वापरावयाच्या कपड्यांवरूनच घ्यावे.

आता टिकाऊपणा. काठावर सतत घासणारी कड, वल्ह्याचा दांडा, वाळू आणि कालवांनी भरलेल्या खडकावरचे उतरणे हे त्याचे उघड शत्रू; पण खरा घातक शत्रू कपाटात असतो. नायलॉनवरील पॉलियुरेथेनचा लेप उष्ण, दमट हवेत पाण्याच्या अंशानेच हळूहळू विघटित होऊन चिकट होतो व सोलून निघतो. त्यामुळे बोईसरच्या एखाद्या बंद खोलीत ओला घडी घालून ठेवलेला स्कर्ट पावसाळा संपेपर्यंत, एकदाही समुद्र न पाहता, नादुरुस्त होऊ शकतो. होडी शाकारणाऱ्या कोळ्याला हे सांगावे लागत नाही. शहरातून हौसेने येणाऱ्याला सांगावे लागते. गोड्या पाण्याने धुणे, सावलीत पूर्ण वाळविणे, घडीऐवजी टांगून ठेवणे इतका बंदोबस्त पुरतो. थकलेली दोरी बदलता येते. लेप गेलेले कापड मात्र टाकावेच.

नवा स्कर्ट प्रथम कमरेइतक्या शांत पाण्यात, जाणता सोबती जवळ उभा असताना, नौका मुद्दाम उलटी करून सोडवून पाहावा, आणि त्यानंतर दर वेळी, पुढची ओढपट्टी, म्हणजे जी खेचून पडदा काठावरून सोडवायचा ती, पडद्याच्या बाहेर आहे याची हाताने खात्री केल्यावाचून वल्हे उचलू नये.