बारा तास माग चालतो, माणूस नाही

विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून मागाविषयीचे ज्ञान या गावाच्या अंगात मुरले आहे. पिक (कापडातले आडवे धागे) किती, ताण्याचा बीम कधी संपेल, हे इथे शाळकरी पोरही सांगते. मागापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराबद्दल मात्र चुकीच्या समजुती ठाण मांडून बसल्या आहेत, आणि त्यांची किंमत कारखानदार आणि कामगार दोघेही मोजतात.

गैरसमज : जेवढे तास जास्त, तेवढे कापड जास्त

मजुरी मीटरवर आणि पिकावर ठरते. त्यामुळे १२ तासांची पाळी मालकाला सोयीची आणि कामगारालाही हवीशी वाटते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांतही असेच दिवसरात्र काम चाले. तिथल्या नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हेल यांनी तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत उत्पादन तासांच्या प्रमाणात वाढत होते, पुढे ती वाढ मंदावत गेली. ७० तास राबणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा जेमतेमच जास्त भरला. आपल्या १२ तासांच्या सहा पाळ्या म्हणजे ७२ तास.

माग तर आपोआप चालतो, मग थकव्याचा काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध तिथेच आहे. मागवाल्याचे खरे काम नजरेचे. ताण्याचा धागा तुटला की तो वेळेत दिसायला हवा. पहाटे तीन-चारला झापड आली तर दोष तसाच विणला जातो. मग तो मेंडिंगला म्हणजे दुरुस्तीला जातो, घडीखात्यात तागा बाजूला पडतो, व्यापारी भाव पाडतो आणि बोलणी जॉबर खातो. एकाची अपुरी झोप अशी चौघांच्या कामात उतरते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्याइतकी घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. आपल्याकडे वाहन चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. रातपाळीवाल्याला दिवसा तापलेल्या पत्र्याखाली झोप लागली नसेल, तर पहाटे तो याच अवस्थेत धावत्या धोट्यासमोर उभा असतो.

गैरसमज : खडखडाटाची कानाला सवय होते

सवय झाल्यासारखी वाटते, कारण ऐकूच कमी येऊ लागलेले असते. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबल आवाजात ८ तास, ९५ मध्ये ४ तास अशी मर्यादा आहे. जुन्या धोट्याच्या मागांच्या खात्यात आवाज सहसा याच्या वरच असतो. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, औषधानेही नाहीत. कानात कापसाचा बोळा घालून भागत नाही. आवाज अडवणारे खास प्लग लागतात. ते काही रुपयांत मिळतात. प्लग घातल्यावर मागाचा बिघाड कळणार नाही, ही भीतीही अनाठायी आहे. प्लग आवाज कमी करतात, पूर्ण बंद करत नाहीत.

गैरसमज : पाळी सुटल्यावर गूळ खाल्ला की छाती साफ

कोल्हापूरचा गूळ उत्तमच, पण खाल्लेला गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. धूळ बसते ती फुफ्फुसात. लखनौच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत गुळाचा थोडा उपयोग दिसला होता, हे खरे. तेवढ्यावर माणसांना मास्क सोडून द्या म्हणता येत नाही. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो. सूतगिरणीच्या ब्लोरूम-कार्डिंगमध्ये धोका सर्वांत जास्त, माग खात्यात कमी, पण तिथेही असतो. त्याची खूण ओळखीची आहे : सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, दोन-तीन दिवसांत बरे वाटते. त्याच टप्प्यावर डॉक्टरांना दाखवावे, पुढे दम कायमचा लागतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे नुकसान अधिक.

गैरसमज : कामगारांची काळजी हे मोठ्या गिरण्यांचे चोचले

जमशेदजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रे बसली, १८८६ मध्ये पेन्शन फंड आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली, तेही कायद्याची सक्ती नसताना. ती गिरणी मोठी होती, पण आज १० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यालाही कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू होतो. २१,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर वर्गणी मालकाची ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के. त्यात उपचार मिळतात, शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार. कामगार कागदावर वाटून आकडा दहाच्या आत ठेवणारे हा आधार आपल्याच माणसांपासून हिरावून घेतात.

इचलकरंजीच्या कारखानदारांनो, येत्या दिवाळीत बोनसचा हिशेब मांडताना सगळ्यांची कानतपासणी त्यात धरा. कानाचे प्लग आणि मास्क द्या, रातपाळीत पहाटेच्या वेळी अर्धा तास आळीपाळीने विसावा द्या. महिन्याअखेर घडीखात्यात बाजूला पडलेले तागे मोजा आणि आधीच्या महिन्याशी ताडून पाहा.