पडद्याआडच्या अशिलांची वकील : कॉर्नेलिया सोराबजी

कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) या ऑक्सफर्ड विद्यापीठात कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या स्त्री आणि भारतातील पहिल्या महिला वकील. जन्म नाशिकचा, बालपण बेळगाव आणि पुण्यात, कायद्याचे शिक्षण इंग्लंडात, नोकरी बंगालमध्ये आणि अखेरचा मुक्काम लंडनला. जिथे गेल्या तिथे त्या बाहेरून आलेल्याच होत्या. त्या काळी न्यायालयाच्या दाराशी स्त्रीची दुहेरी अडवणूक होई. शिकलेल्या स्त्रीला वकिलीची सनद मिळत नसे आणि पडद्यातल्या स्त्रीला पुरुष वकिलासमोर येता येत नसे. पहिली अडवणूक सोराबजींनी स्वतः सोसली आणि दुसरी दूर करण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली.

पुणे ते ऑक्सफर्ड

वडील सोराबजी खरसेदजी हे ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले पारशी मिशनरी. आई फ्रान्सिना यांना फोर्ड या इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढवले होते. पुढे त्यांनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवले. घरात मुलींच्या शिक्षणाला मुलांइतकेच महत्त्व होते. कॉर्नेलियांची बहीण सूझी शिक्षणकार्यात उतरली, तर दुसरी बहीण अ‍ॅलिस डॉक्टर झाली.

कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पदवी परीक्षेत त्या पहिल्या वर्गात आल्या. त्या गुणांवर इंग्लंडात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. पण स्त्री असल्यामुळे ती नाकारण्यात आली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवले. दरम्यान लेडी हॉबहाउस यांच्या पुढाकाराने इंग्लंडात वर्गणी गोळा झाली. देणगीदारांमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही नाव होते. या पैशांवर १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या.

बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोएट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तरीही १८९२ मध्ये बी.सी.एल. परीक्षेची वेळ आली तेव्हा स्त्रीला इतर विद्यार्थ्यांबरोबर बसवावे की नाही, असा प्रश्न निघाला. अखेर विद्यापीठाने खास ठराव करून परवानगी दिली. त्या उत्तीर्ण झाल्या, मात्र पदवी हाती पडली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदव्याच देत नव्हते. ही पदवी त्यांना तीस वर्षांनी, १९२२ मध्ये मिळाली.

सनदेविना वकिली

१८९३ मध्ये त्या भारतात परतल्या. ब्रिटिश न्यायालयांत त्यांना सनद नव्हती. संस्थानांत मात्र परवानगी देणे हे त्या त्या दरबाराच्या आणि पोलिटिकल एजंटाच्या हाती असे. त्यामुळे काठियावाड आणि इंदूरकडच्या राण्यांची प्रकरणे त्यांच्याकडे आली. १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात पतीच्या खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीचा बचाव त्यांनी केला. फौजदारी खटल्यात न्यायालयाच्या परवानगीने वकील नसलेल्या व्यक्तीलाही आरोपीची बाजू मांडता येई. त्या तरतुदीचा त्यांनी उपयोग करून घेतला.

‘सनद का नाही?’ या प्रश्नाला पात्रतेची सबब कोणी पुढे करू नये म्हणून त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी. परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. दोन्हींत यश मिळाले, पण सनद मिळाली नाही.

कोर्ट ऑफ वॉर्ड्समधील वीस वर्षे

बंगालमधील बड्या जमीनदार घराण्यांत मालक मरण पावला आणि वारस अज्ञान असला, किंवा मालकीण कारभार करण्यास असमर्थ ठरवली गेली, की ती जहागीर १८७९ च्या कायद्यानुसार कोर्ट ऑफ वॉर्ड्स या सरकारी खात्याच्या ताब्यात जाई. सारावसुली, कर्जफेड आणि वारसाचे शिक्षण हे खाते पाही. जनानखान्यातील विधवा आणि सरकार यांच्यामध्ये दिवाण, मुखत्यार आणि नातेवाईक असत. विधवेचे म्हणणे त्यांच्याच तोंडून अधिकाऱ्यापर्यंत पोहोचे आणि त्यांनी पुढे केलेल्या कागदावर ती पडद्याआडून सही किंवा अंगठा करी. कागदात काय लिहिले आहे, हे समजावून सांगणारे निःस्वार्थी माणूस तिच्याजवळ नसे.

न्यायालयांना हा धोका ठाऊक होता. पडदानशीन स्त्रीने केलेल्या दस्तऐवजावर जो हक्क सांगेल, त्यानेच तिला तो मजकूर नीट समजला होता हे सिद्ध करावे, असा दंडक लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निवाड्यांतून घालून दिला होता. पण हे संरक्षण दावा न्यायालयात आल्यावरचे. त्याआधीच, सही होण्याच्या क्षणी, सल्ला देणारी व्यक्ती हवी आणि ती स्त्रीच असली पाहिजे, अशी सोराबजींची मागणी होती. १९०२ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून त्यांनी ती जाहीरपणे मांडली. १९०४ मध्ये बंगाल सरकारने त्यांना कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ‘लेडी असिस्टंट’ म्हणून नेमले. पुढे बिहार, ओरिसा आणि आसामपर्यंत त्यांचे काम पसरले.

रेल्वे, होडी, पालखी असे मिळेल ते वाहन घेऊन त्या दूरदूरच्या हवेल्यांत जात. पोटगी थकली आहे का, दत्तकाचा वाद काय आहे, अज्ञान वारसाच्या जिवाला घरातूनच धोका आहे का, मुलीच्या शिक्षणाची आणि आजारपणात औषधपाण्याची काय सोय आहे, याची चौकशी त्या थेट त्या स्त्रीकडेच करत आणि अहवाल सरकारला देत. सुमारे ६०० स्त्रिया आणि मुलांना या कामाचा लाभ झाल्याचे सांगितले जाते. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले.

दार उघडले

इतर स्त्रियाही हे दार ठोठावत होत्या. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. पुढे सुधांशुबाला हाजरा यांच्या अर्जाचे पाटण्यात तेच झाले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र १९२१ मध्ये सोराबजींना वकील म्हणून दाखल करून घेतले. न्यायालयांच्या या परस्परविरोधी भूमिकांवर १९२३ च्या ‘लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्ट’ने पडदा टाकला. केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, असे या कायद्याने ठरवले. त्याच वर्षी लिंकन्स इनमधून सोराबजी बॅरिस्टर झाल्या. तिथूनच बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा (पुढे मिठन लाम) यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.  १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले, तेव्हा स्त्रियांना सनद देण्याचा प्रश्न कायद्याने आधीच निकाली निघालेला होता.

खुद्द सोराबजींना या बदलाचा लाभ उशिरा आणि अपुरा मिळाला. १९२४ पासून त्यांनी कलकत्त्यात वकिली केली. पण पुरुषी पूर्वग्रहामुळे त्यांच्या वाट्याला उलटतपासणी आणि युक्तिवाद यांपेक्षा लेखी अभिप्राय देण्याचेच काम अधिक आले. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या. ‘इंडिया कॉलिंग’ हे त्यांचे आत्मचरित्र १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या राजकीय मतांमुळे देशात त्यांची आठवण फारशी राहिली नाही. ब्रिटिश राज्य भारताच्या हिताचे आहे, अशी त्यांची धारणा होती. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता आणि कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ची त्यांनी पाठराखण केली. ज्या सरकारने त्यांची शिष्यवृत्ती आणि सनद अडवली, त्याच सरकारवर त्यांचा विश्वास होता. हा अंतर्विरोध झाकण्याचे कारण नाही. पण त्यांच्या कामाचे मोल त्याने कमी होत नाही. हक्क कायद्यात लिहिला म्हणजे मिळत नाही, तो मागण्यासाठी अशिलाला आपल्या भाषेत आणि आपल्या घरात गाठणारे कोणीतरी लागते, हे त्यांनी कामातून दाखवून दिले. मोफत कायदेविषयक साहाय्य हा आज भारतीय राज्यघटनेच्या ३९-अ कलमाचा विषय आहे, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता ते मिळते. सोराबजींनी बंगालच्या हवेल्यांतून जी गरज सरकारपुढे मांडली होती, तिलाच या तरतुदींनी सर्व स्त्रियांसाठी हक्काचे रूप दिले आहे.